फाट्यावरचं बाकडं

सौदीतल्या अबकैकच्या कॅम्पात हरिहर गर्गेला शेवटी सगळे ‘हाजीसाहेब’ म्हणू लागले.

हे वाक्य आपण वाचलंच नाही असं धरून चालू. एक तर गर्गे नाशिकचे, ऋग्वेदी वगैरे. मक्केत हरिहर कधी गेला नाही, त्याला जाताही येणार नव्हतं. शिवाय ज्या प्रवासावरून हे नाव पडलं तो हजचा नव्हताच, उमऱ्याचा होता. म्हणजे हजच्या धाकट्या भावाचा. आणि उमरा करून कोणी हाजी होत नसतो. थोडक्यात, ही पदवी सगळ्या बाजूंनी खोटी होती. त्याच्याकडे एक खरी पदवीही होती, पण तिचा आजवर कोणाला उपयोग झाला नव्हता. तेव्हा त्या खऱ्या पदवीपासून सुरुवात करू. हाजीसाहेब वगैरे काहीही झालेलं नाही.

हरिहरने विद्यापीठात ‘धर्मांचा तौलनिक अभ्यास’ या विषयात एम. ए. केलं होतं. वर्गात तिघं. एकाचे वडील कीर्तनकार होते, दुसऱ्याला इतिहासाला प्रवेश मिळाला नव्हता, आणि तिसरा हरिहर, ज्याला विषय खरोखरच आवडत होता. त्यामुळे बाकी दोघांना त्याची काळजी वाटायची. त्याचे वडील वीज मंडळात मीटर रीडर. ते म्हणायचे, “हरी, मीटर म्हटलं की आकडा दिसतो. तुझ्या धर्मांचं रीडिंग कुठून घ्यायचं रे?”  हरिहरचं तोवर अरबी शिकून झालं होतं, पालीही थोडी झाली होती, आणि ‘विधींचा उगम’ यावर प्रबंध लिहून झाला होता. प्रबंधात त्याने म्हटलं होतं की काही रिती मोठ्या विचारातून येत नाहीत. पुढचा माणूस काहीतरी सोयीसाठी करतो, मागचा त्याचं बघून करतो, आणि तिसऱ्याला वाटतं, हे असंच करायचं असतं. गाइड सरांनी समासात लाल शाईने एकच शब्द लिहिला होता: ‘पुरावा?’

पास केलं त्यांनी. पण तो शब्द हरिहरच्या पायात काट्यासारखा राहिला.

पुढे दोन वर्षं त्याने नोकरी शोधली. देशात धर्म गल्लोगल्ली होता, पण त्याचा अभ्यास केलेला माणूस कुणालाच नको होता. शेवटी मुंबईच्या एका एजंटासमोर तो बसला. तेव्हा तेलाचे भाव आभाळाला भिडले होते आणि आखातात माणसं भरभरून चालली होती.

“काय येतं?” एजंटाने विचारलं.

“धर्मांचा तौलनिक अभ्यास.”

एजंटाने त्याच्याकडे दयेने पाहिलं. “तिकडे त्यांच्याकडे आहे धर्म. बाहेरून मागवत नाहीत. दुसरं काय येतं?”

“मामाची मॅटाडोर चालवायचो सुट्टीत.”

“मग असं सांगा की!” एजंट म्हणाला, आणि अशा रीतीने पाच वर्षांचं उच्च शिक्षण हरिहरला ड्रायव्हर करून अबकैकला घेऊन आलं.

कॅम्प म्हणजे वाळूत मांडलेल्या पत्र्याच्या लांबट खोल्या, एक मेस, एक जनरेटरची शेड, आणि मधोमध चार लोखंडी पायांवर उभी पाण्याची टाकी. क्षितिजावर गॅसच्या ज्वाळा रात्रंदिवस जळत. हरिहरच्या खोलीत सगळे कोकणातले: बहुतेक दाभोळ-बाणकोटकडचे मुसलमान, वेल्डर नाहीतर क्रेनवरचे रिगर. त्यांच्यात वयाने मोठे जमालुद्दीन चाचा. वेल्डिंगच्या ठिणग्यांनी त्यांचे डोळे आता दगा देऊ लागले होते, आणि कंपनीने त्यांना ‘खलास’ सांगितलं होतं. महिनाअखेरीस कायमचं घरी. चाचांना त्याचं एवढं वाईट वाटत नव्हतं. वेगळीच एक गोष्ट त्यांना खात होती, आणि एका शुक्रवारी, खोलीत दुसरं कोणी नाही असं बघून, त्यांनी ती हरिहरसमोर काढली.

“मास्तर,” ते म्हणाले. ड्रायव्हर झाला तरी कॅम्पात त्याला मास्तरच म्हणत. “तुम्ही आमचं पण शिकलाव ना कालेजात?”

“शिकलो थोडंफार.”

“उमऱ्याचं?”

“त्यावर एक पूर्ण प्रकरण होतं.”

चाचांनी दाराकडे पाहिलं. “घरून निरोप आलाय. घरवाली शरफुन्निसा म्हणते, इतकी वर्षं अरबस्तानात काढलीत, आता उमरा न करता आलात तर दार उघडणार नाय. बरोबरच हाय तिचं. पण मला, मास्तर...” त्यांनी आवाज आणखी खाली आणला. “मला त्यातलं पहिलं काय नि मागून काय, नीट ठावूक नाय.”

“इमामसाहेबांना विचारा की.”

“ते मिसरचे. एकदा विचारलं तर भरभर अरबीत बोलले नि मग म्हणाले, समजलं? मी म्हटलं, समजलं. आता परत कसं विचारू? उभा जन्म नमाज पढतोय मी. या दाढीनं मी कुणाला विचारू, की बाबा, माझ्या धर्माचं मला सांग?”

“मग मला कसं विचारताय?”

“तुमची गोष्ट निराळी,” चाचा मोकळेपणाने म्हणाले. “तुम्ही हिंदू. तुम्हाला विचारलं तर आमचा अडाणीपणा दिसत नाय. तुमचा अभ्यास दिसतो.”

हरिहरला आयुष्यात पहिल्यांदाच कोणीतरी त्याच्या विषयातला प्रश्न विचारला होता. त्याने लगेच खुर्ची ओढली. बोलता बोलता पंधरा मिनिटांत तो उगम, प्राचीन अरबस्तान आणि शब्दाच्या धातूपर्यंत जाऊन पोचला. चाचांचा चेहरा हळूहळू त्या इजिप्तच्या इमामांसमोर बसल्यासारखा झाला.

“समजलं?” हरिहरने विचारलं.

“समजलं,” चाचा म्हणाले.

 मग हरिहर उठला. “चला बाहेर. करूनच दाखवतो.”

पाण्याची टाकी मधोमध होती, चौकोनी होती, आणि भोवती मोकळी जागा होती. एवढ्यावर काबा म्हणून तिची निवड झाली. सात येरझाऱ्या घालायच्या दोन टेकड्यांपैकी मेसच्या पायऱ्या म्हणजे सफा, जनरेटरची शेड म्हणजे मरवा. धोब्याकडून दोन पांढऱ्या चादरी आणल्या. न शिवलेलं वस्त्र अंगावर टिकवणं ही विद्या आहे, आणि सोवळ्यात वाढलेल्या हरिहरला ती अवगत होती. “लुंगीसारखं गुंडाळा, वरून पट्टा बांधा, पट्टा चालतो. खांद्यावरचं घसरलं तर घाबरू नका, सावकाश ओढा.” सगळं समजावून तो स्वतः पुढे झाला, एका कोपऱ्यापाशी उभा राहिला आणि टाकीभोवती चालू लागला.

अर्धी फेरी झाल्यावर तो मध्येच थबकला. टाकी उजव्या हाताला होती. ती डाव्या हाताला हवी. हे त्याने प्रबंधात तळटीप देऊन लिहिलं होतं, त्या तळटिपेचं सरांनी कौतुक केलं होतं. पण पाय नाशिकचे होते. प्रदक्षिणा म्हटल्यावर ते आपल्या आपण घड्याळाच्या दिशेने निघाले.

“काय मास्तर,” मागून आवाज आला, “नारळ आणायचा का?”

हा हनीफ. बाणकोटचा रिगर, क्रेनच्या टोकावर लोंबकळूनही थट्टा करणारा. तो मेसच्या पायरीवर बसून सगळं बघत होता. चाचांचं गुपित फुटलं. पण गंमत अशी की हनीफ हसून झाल्यावर उठला, चप्पल झटकली आणि चाचांच्या मागे येऊन उभा राहिला. “मी काय, सगळं जाणतोच,” तो म्हणाला. “फक्त चाचांना सोबत.” त्याच्या मागे चाचांना सोबत करायला आणखी चौघं आले. सगळं जाणणारेच होते सगळे. दुसऱ्या शुक्रवारी त्यांतल्या एकाने हरिहरला हळूच विचारलं, की केस आधी कापायचे की नंतर.

टाकीच्या एका कोपऱ्याला गळका पाइप होता, बरोबर डोक्याच्या उंचीवर. तिथून जाताना मान खाली घालावी लागे, नाहीतर कपाळ फुटे. पहिल्या दिवशी दोघांची फुटली. मग सवय झाली. पुढचा वाकला की मागचे वाकत.

असेच ते फिरत असताना साइट इंजिनियर विजयकुमार यांनी त्यांना पाहिलं. हे पुण्याचे, सरळ गृहस्थ, आणि स्वभावाने इतके भित्रे की रेडिओवर बातम्या लागल्या तरी आवाज कमी करत. त्यांनी पाहिलं ते असं: कामगार रांगेने पाण्याच्या टाकीला वेढा घालून फिरताहेत, अंगावर चादरी आहेत, तोंडाने काहीतरी एकसुरात म्हणताहेत. देशातल्या कारखान्यात नोकरी केलेल्या माणसाला याचा एकच अर्थ ठाऊक होता. संप. आणि इथे सौदीत संप म्हणजे सगळ्यांनाच पुढचं विमान, त्यात पहिली सीट विजयकुमारांची.

ते धावत आले. “हे बघा, हे बघा, आधी थांबा! घेराव नको. मागणी काय आहे ते बोला. सगळं चर्चेने सुटतं.”

सगळे थांबले. हरिहर खुलासा करायला तोंड उघडणार, एवढ्यात हनीफ पुढे झाला. साहेब आपण होऊन मागणी विचारतात, असं त्याने जन्मात ऐकलं नव्हतं.

“साब, कंपनीची व्हॅन पाहिजे. मक्केला जायला. आणि सुट्टी.”

“एवढंच?” विजयकुमारांच्या जिवात जीव आला. “दिली. पेट्रोलसकट दिली. पण फिरणं बंद करा! ड्रायव्हर कोण? गर्गे, तुम्ही जाल ना?”

“जाईन की सर,” हरिहर म्हणाला.

इथे वाचकांच्या लक्षात एक गोष्ट आली असेल. त्या सगळ्यांपैकी एकाच्याही ती लक्षात आली नाही. सगळी तयारी झाली होती. इहरामच्या पांढऱ्या कापडांना हात लावून बघितलं होतं, कफीलचे, म्हणजे इथल्या जामीनदार मालकाचे, परवानगीचे कागद आले होते, मेसमधून उकडलेली अंडी बांधून घेतली होती. चाचांनी तर स्वप्नातसुद्धा फेऱ्या घातल्या. मक्केच्या हद्दीत मुसलमानाखेरीज कोणाला सोडत नाहीत हे त्यांना लहानपणापासून माहीत होतं, विजयकुमारांना माहीत होतं, हरिहरच्या प्रबंधात तर त्यावर परिशिष्ट होतं. पण इतके दिवस ‘मास्तर, आता काय?’ विचारून विचारून हरिहर त्यांच्या उमऱ्याचाच एक भाग झाला होता. वाळवंटातून व्हॅन हाकताना आपण आत जाणार नाही ही गोष्ट खुद्द त्याच्याही डोक्यात नव्हती. रियाध गेलं, ताइफ मागे पडलं, ठरलेल्या जागी सगळ्यांनी आंघोळी करून पांढरी वस्त्रं नेसली, हरिहरने प्रत्येकाचा पट्टा ओढून बघितला. मग व्हॅनमध्ये ‘लब्बैक’चा, म्हणजे ‘हजर आहे’चा, घोष सुरू झाला आणि हरिहर अगदी तालात गिअर बदलत राहिला.

आणि मग मोठ्ठी पाटी आली.

रस्त्याला फाटा फुटत होता. पाटीवर बाण होते: एक मुसलमानांसाठी, सरळ. दुसरा इतरांसाठी, बाजूला. हरिहरने ब्रेक दाबला. व्हॅनमधला घोष एकेक आवाज गळत बंद पडला.

“मास्तर,” हनीफ पाटीकडे बघत म्हणाला, “तुम्ही इतर.”

“हो,” हरिहर म्हणाला. “आत्ता आठवलं.”

“आपल्यात कोणाला गाडी येते का रे?” हनीफने मागे वळून विचारलं. कोणाला येत नव्हती. तीस फूट उंचीवर लोखंडी तुळई सुईत दोरा ओवल्यासारखी बसवणारी माणसं, पण स्टिअरिंगला कोणी हात लावलेला नाही.

चौकीतला पोलीस येऊन काच वाजवू लागला. हरिहरने खाली उतरून इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, दाखवला आणि अरबीत खुलासा केला. त्याची अरबी विद्यापीठातली होती, म्हणजे हजारेक वर्षांपूर्वीची. मराठीत सांगायचं तर पोलिसाला ते साधारण असं ऐकू आलं असणार: “हे मार्गरक्षका! आम्ही पूर्वदिशेहून येते जाहलो. हे सत्पुरुष पुढे जातील, परी हा रथ हाकणारा अन्यधर्मी असे.” पोलिसाने तोंड उघडं ठेवून ऐकलं. मग चौकीतल्या दुसऱ्याला हाक मारली आणि हरिहरला ते सगळं पुन्हा एकदा म्हणायला लावलं. दोघंही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. पण माणसं चांगली होती. समोरून येणारा एका येमेनी माणसाचा पिकअप त्यांनी थांबवला आणि या सगळ्यांना आत हरमपर्यंत, काब्याच्या मशिदीपर्यंत, सोड म्हणून सांगितलं. “यल्ला, यल्ला!”

पाच जण पिकअपमध्ये चढले. जमालुद्दीन चाचा रस्त्याच्या कडेला वाळूत बसले.

“मी नाय जायत.”

“चाचा, असं काय करता?” हनीफ ओरडला. “इथपर्यंत आलाव!”

“मास्तर नाय तर मी नाय. दिसत नाय मला धड. मध्येच विसरलो तर? वाकडंतिकडं झालं तर घरी जाऊन तिला काय सांगू, की केला, पण चुकीचा केला?”  महिनाअखेर दोन दिवसांवर होती. पुन्हा हा रस्ता त्यांच्या नशिबात नव्हता, हे त्यांना कळत होतं, आणि तरी ते उठत नव्हते.

हरिहर त्यांच्यासमोर उकिडवा बसला.  मग त्याला आपली तोंडी परीक्षा आठवली.

“आत शिरल्यावर पहिलं काय?”

“तवाफ. त्या सात फेऱ्या,” चाचा वाळूकडे बघत म्हणाले.

“काबा कुठल्या हाताला?”

“डाव्या. तुम्ही चुकलाव होताव त्याच्या उलट.”

“फेऱ्या मोजताना शंका आली तर?”

“कमी आकडा धरायचा.”

“मग?”

“दोन रकात नमाज. मग जमजमचं पाणी. मग सफावरून सुरू, मरव्यावर खलास. हिरव्या खुणांमध्ये जरा पाय उचलून. मग केस.” चाचा थांबले. दोन्ही पोलीस शेजारी उभे राहून ऐकत होते. शब्द कळत नव्हते तरी ‘सफा’, ‘मरवा’ कळत होतं, आणि प्रत्येक उत्तराला ते मान डोलवत होते.

“पास,” हरिहर म्हणाला. “मला माझ्या परीक्षेत यापेक्षा कमी येत होतं.”

“पण मास्तर, तिथं विचारायचं झालं तर कुणाला विचारू?”

“कोणालाही. चाचा, तिथे बहुतेक सगळे जन्मात पहिल्यांदाच आलेले असतात. पहिल्यांदा आलेल्याला विचारायची कसली लाज? उलट तुमची तर तालीम झालीय.”

 चाचांनी हात पुढे केला. हरिहरने त्यांना उठवलं, खांद्यावरचं कापड सावरलं, आणि हनीफने वरून त्यांना आत ओढून घेतलं. पिकअप सरळ बाणाच्या दिशेने निघून गेला.

हरिहर मागे राहिला.

फाट्यावर बसायला काही नव्हतं. झाड नव्हतं, दगडही धड नव्हता, आणि व्हॅनच्या आत भट्टी झालेली. म्हणून तो व्हॅनच्या सावलीत खाली बसला. थोड्या वेळाने सावली सरकली, तो सरकला. पुन्हा सरकली, पुन्हा सरकला. हिवाळ्याचे दिवस होते. सकाळी सावली व्हॅनच्या एका अंगाला होती, दुपारी तोंडाकडे आली, उतरत्या उन्हात दुसऱ्या अंगाला. संध्याकाळी त्याच्या ध्यानात आलं की दिवसभरात आपण व्हॅनला अर्धी फेरी घातली आहे. ती उजव्या हाताला ठेवून. म्हणजे पुन्हा नाशिकचीच दिशा. पण यात त्याचा दोष नव्हता. सूर्यच तसा फिरवत होता.

पोलिसाने चहा आणून दिला. “एवढं सगळं तुला येतं,” त्याने विचारलं, “मग तू मुसलमान का होत नाहीस?”

हरिहरने प्रामाणिकपणे विचार केला. “माझा अभ्यास अजून चालू आहे.”

“कधी संपणार?”

“आमचे सरही हेच विचारायचे.”

पोलिसाला हे पटलं असावं. त्याने आणखी एक पेला चहा दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते सगळे एका टॅक्सीने परत आले. डोकी तासलेली, डोळे लाल, चेहरे धुतलेल्या भांड्यांसारखे लखलखीत. चाचा सर्वांत आधी उतरले आणि हरिहरला मिठी मारून तशीच घट्ट धरून ठेवली. 

“झाला, मास्तर. सगळा नीट झाला. मोजताना गडबडलो, तर तुम्ही सांगितलात तसा कमी आकडा धरत गेलो. नऊ फेऱ्या झाल्या असतील, पण सातापेक्षा कमी नक्की नाय.”

“आणि पाइप!” हनीफ म्हणाला. “पाइपाचं सांगा की त्यांना.”

चाचा लाजले. झालं होतं असं, की तवाफ करताना एका ठरावीक कोपऱ्यापाशी आल्यावर चाचांनी सवयीने मान खाली घातली. तिथे पाइप नव्हता, पण मान ऐकेना. मागे हनीफ, त्यानेही घातली. मागचे चौघंही वाकले. “आणि त्यांच्यामागं एक म्हातारेबाबा,” हनीफ म्हणाला, “कुठल्या मुलखातले देव जाणे, आमच्याकडं बघून तेही वाकले! मग दर फेरीला!”

हरिहर हसायला लागला. हसता हसता त्याच्या डोळ्यांसमोर ती लाल शाई आली. ‘पुरावा?’ इतकी वर्षं शोधत होता तो पुरावा त्याला मिळाला होता, अबकैकच्या गळक्या पाइपातून थेट. पण तो कोणाला पाठवण्यासारखा नव्हता. त्या म्हाताऱ्या बाबांनी श्रद्धेने मान झुकवली होती, आणि ती कशामुळे झुकली याला तळटीप लावणं हरिहरच्या जिवावर आलं.

“तुमच्यासाठी पण दुआ मागितली,” चाचा म्हणाले. “तुम्हाला प्रोफेसरची नोकरी लागावी म्हणून. फक्त कुठल्या कालेजात ते सांगायचं राहिलं. नाव ठावूक नव्हतं.”

“चालेल. कुठलंही.”

जमजमचा डबा त्यांनी त्याच्या हातात दिला. हरिहरने ओंजळ पुढे केली, उजवा हात वर, जशी नाशकात करत, आणि प्याला. मग सगळे व्हॅनमध्ये बसले. “चला हाजीसाहेब,” हनीफ पाठीवर थाप मारून म्हणाला, “यल्ला!” आणि ते नाव पुढे कॅम्पात पोचायच्या आत कायमचं चिकटलं. पण ते झालेलंच नाही असं आपलं ठरलं आहे.

चाचा घरी गेले. दार उघडलं गेलं, असा निरोप आला. हरिहर मात्र दर खेपेला नवी माणसं घेऊन त्या फाट्यापर्यंत जाऊ लागला, आणि तिसऱ्या खेपेनंतर त्याने एक अर्ज लिहिला. इंग्रजीत नीट सुचेना आणि त्याच्या अरबीला लोक हसत, म्हणून मराठीतच. तो त्याने विजयकुमारांच्या टेबलावर ‘पुढे पाठवण्यासाठी’ म्हणून ठेवला. अर्ज असा:

“माननीय रस्तेखात्यास, सादर. विषय: मक्केच्या फाट्यावर बसण्याची सोय करणेबाबत. अर्जदार हा ‘इतर’ या वर्गातील असून, त्यास आत प्रवेश मिळावा अशी त्याची मागणी नाही व नव्हती. परंतु आत गेलेल्यांची वाट पाहणारे लोक बाहेर असतात, ही बाब खात्याच्या नजरेस आणून देण्यात येत आहे. तरी सदर पाटीखाली चार माणसे बसतील असे एक बाकडे टाकावे व त्यावर छप्पर घालावे. तसेच छपराची सावली दिवसभर एकाच जागी राहील अशी तजवीज व्हावी, ही नम्र विनंती.”